मूळव्याधच असंल की!

रंकाळ्यावर सकाळी फिरायला आमचा सात-आठ बायकांचा घोळका असतो. सगळ्या साठीच्या अलीकडं-पलीकडं. चालणं कमी आणि तोंड जास्त. कुणाची शुगर उपाशीपोटी किती, कुणाच्या गुडघ्याची वाटी बदलली, कुणाच्या नवऱ्याच्या हृदयात कितवी स्प्रिंग बसली, सगळं सगळ्यांना पाठ. एकीनं तर आपल्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनचा व्हिडिओ आम्हाला बाकड्यावर बसवून दाखवला, भाजलेल्या शेंगा खात खात. आणि मी एक दिवस सहज म्हटलं, "मोठ्या आतड्याची तपासणी करून आले मी. मागनं दुर्बीण घालतात," तर सगळ्या अशा गप्प झाल्या की जणू मी कुणाला आईवरनं शिवी दिली. एक म्हणाली, "शी! सकाळच्या पारी काय ओ हे!" दुसरीनं लगेच विषय कैरीच्या लोणच्यावर नेला.

माझं डोकं तिथंच सटकलं. तीस वर्षं मुलींच्या शाळेत गणित शिकवलंय, आवाज मुळातच मोठा. म्हटलं, "डोळा तुझा, गुडघा तुझा, आणि आतडं काय शेजारणीचं आहे?" फिरायला आलेले दोन-चार पुरुष वळून बघायला लागले. बघू देत. त्यांनाही आतडी आहेतच.

मला एवढा राग का येतो ते सांगते. माझे वडील ह्या "शी"पायीच गेले.

आम्ही त्यांना आप्पा म्हणायचो. जयसिंगपूरला त्यांचा मिरचीचा व्यापार. साठ-एकसष्टच्या सुमाराला त्यांना शौचातनं रक्त जायला लागलं. हे आम्हाला कधी कळलं? वर्षानं! तेही आईनं धोतर धुताना बघितलं म्हणून. मग घरात कुजबुज सुरू झाली आणि निकालही तिथल्या तिथं लागला. मूळव्याधच असंल की! दिवसभर मिरचीच्या ढिगात बसणारा माणूस, उष्णता पडणारच. शेजारी म्हणाले मूळव्याध, दाढी करायला येणारे न्हावीमामा म्हणाले मूळव्याध, कोडोलीचे पाहुणे म्हणाले आमच्याही थोरल्यांना असंच होतं. आमच्या गल्लीतल्या डॉक्टरांनीसुद्धा आप्पांना खुर्चीवरनं उठवलं नाही. बसल्या जागी ट्यूब लिहून दिली. तपासायचं म्हटलं असतं तर आप्पांनी तपासू दिलं असतं का, हाही प्रश्नच आहे. पण विचारायचं तरी!

मग सब्जा झाला, ताक झालं, इसबगोल झालं. पेठ वडगावच्या बाजूला एक जण दर रविवारी पुडी द्यायचे, ती आणायला अण्णा, म्हणजे माझा थोरला भाऊ, पहाटेच्या गाडीनं जायचा. दोन वर्षं आप्पांनी पुड्या खाल्ल्या. दोन वर्षांत त्यांच्या सदऱ्यात दुसरा माणूस मावेल इतके वाळले. शेवटी मिरजेला नेलं. तिथल्या डॉक्टरांनी त्यांना कुशीवर निजवलं, हातमोजा घातला आणि एका मिनिटात त्यांना गाठ लागली. एका मिनिटात! बाहेर येऊन ते आमच्यावर ओरडले, "दोन वर्षं काय करत होता तुम्ही लोक?"

आम्ही सगळे खाली मान घालून उभे. काय सांगणार? लाजत होतो, म्हणून सांगणार? आप्पा चौसष्टाव्या वर्षी गेले. आणि तेराव्याला आलेली माणसं एकमेकांना सांगत होती, मूळव्याधीनं गेले म्हणे बिचारे.

त्याला आता तीस वर्षं होऊन गेली. गेल्या वर्षी मी बी.पी.च्या गोळ्या बदलून घ्यायला गेले होते. नवीन डॉक्टरीण. माझ्या हाताखालनं गेलेल्या मुलींएवढी. तिनं विचारलं, घरात आई-वडिलांना काय होतं? मी सांगितलं. तिनं पेन खाली ठेवलं आणि म्हणाली, "मग तुमची कोलोनोस्कोपी कधी झालीय?"

"मला कुठं काय होतंय?" मी म्हटलं. हो, मीच म्हटलं. दुसऱ्यांना शिव्या घालते, पण माझ्याही तोंडातनं पहिल्यांदा हेच आलं.

"काही होत नसतं तेव्हाच करायची असते, मॅडम. त्रास व्हायला लागेपर्यंत थांबलात तर बहुतेक वेळा उशीर झालेला असतो."

मला बाकावर उभं केल्यासारखं वाटलं. पण गेले. त्या तपासणीत काहीसुद्धा नाही हो! आदल्या दिवशी पातळ पेज. संध्याकाळी एक पावडर पाण्यात कालवून तांब्या-तांब्यानं प्यायची, चव मिठाच्या लिंबूपाण्यासारखी. मग संडासच्या दारातच मुक्काम, पोट अगदी धुवून स्वच्छ होतं. दुसऱ्या दिवशी दवाखान्यात हातात एक सुई दिली, मी त्या नर्सला "कुठल्या गावची गं तू?" विचारेपर्यंत झोपले, उठले तर झालेलं. दोन पॉलिप सापडले. आतड्याच्या आतल्या अस्तरावर अशा गाठी उगवतात. एक मसुराएवढी, एक करवंदाएवढी. त्याच दुर्बिणीतनं काढूनही टाकल्या. डॉक्टर म्हणाले, "हे तसेच राहिले असते तर पुढं काही वर्षांनी त्यातनं कॅन्सर झाला असता कदाचित, नसताही झाला. आता तो प्रश्नच नाही. भावंडं किती तुम्हाला? त्यांना सांगा."

भावंड एकच. अण्णा. वय वर्षं सहासष्ट. आप्पा जितके जगले त्यापेक्षा दोन वर्षं जास्तच झालेली.

दिवाळी झाली आणि मी एस.टी.नं हाफ तिकिटावर जयसिंगपूरला गेले. अण्णा आता मिरची करत नाही, खतं-बियाणांचं दुकान आहे. दुकानाच्या मागंच घर. घरात तो आणि वैनी दोघंच, पोरं पुण्याला. दुकानासमोरच्या बाकड्यावर अण्णाचे दोस्त कायम बसलेले, उठायचं नाव नाही. मी चप्पल काढायच्या आधीच सांगून टाकलं, "अण्णा, तुझी मोठ्या आतड्याची तपासणी करायचीय. कोल्हापूरला चल."

बाकड्यावरचा एक जण म्हणाला, "मागनं नळी घालत्यात तीच न्हवं? अण्णा, ह्या वयात आनि काय काय करून घेणार हायस रं?" आणि सगळे खो खो हसले. युरिया घ्यायला आलेला एक अनोळखी गडीही हसला.

मी त्या गड्याकडं वळले. "पावणं, वय काय तुमचं?"

"अठ्ठावन्न."

"मग हसू नका. तुमचा बी नंबर हाय."

त्याचं हसू जाग्यावर जिरलं. पण अण्णा काही केल्या ऐकेना. आत सोप्यात बसलो, वैनींनी ताटं वाढली, आणि त्यानं जेवता जेवता मला प्रवचन दिलं. "आपल्यात कांदा-लसूण न्हाई. मटण-मच्छी तर नावाला बी न्हाई. दारू न्हाई, तंबाखू न्हाई. पाणी गाळून पितो, दिवसाउजेडी जेवतो. आपल्या आतड्याला काय हुतंय?"

"मग आप्पा काय मटण खात होते?"

"आप्पांना मूळव्याध हुती."

"अण्णा! कॅन्सर होता आप्पांना! तू होतास की तिथं!"

"मुळात मूळव्याधच. मागनं चिघळली."

माझ्या अंगाची लाही लाही झाली. पहाटेच्या गाडीनं पुड्या आणायला जाणारा हा, मिरजेच्या डॉक्टरांची बोलणी खाणारा हा, आप्पांचं डोकं मांडीवर घेऊन बसलेला हा. आणि तीस वर्षांनी पोळीचा घास मोडत मला सांगतोय, चिघळली! मी ताटावरनं उठले नाही एवढंच. म्हटलं, "हे बघ, हे आपल्या घराण्यात आलंय. आप्पांकडनं माझ्यात आलं, माझ्यातनं ते काढलं. तुझ्यात काय आहे ते बघायला नको?" वैनी मला वाढत होत्या, "घ्या की वन्सं, आमटी घ्या," म्हणत होत्या. मी आमटी घेतली आणि परत अण्णावर सुरू झाले.

पुढच्या महिन्यात मी परत गेले. त्याच्या पुढच्या महिन्यात दोनदा. शेवटी माझं तोंड बंद व्हावं म्हणून तो कोल्हापूरला डॉक्टरांकडं आला. तारीख मिळाली, तयारीचा छापील कागद मिळाला. मीही त्याच्याबरोबर जयसिंगपूरला गेले. घरी पोचल्यावर त्यानं चष्मा लावून कागद वाचला आणि त्याच्या चेहऱ्यावर असं समाधान पसरलं की काय सांगू.

"ह्यात काय लिवलंय बघ. आदल्या दिवशी संध्याकाळी सात ते नऊ औषध पिणे."

"मग?"

"माझा नियम हाय. दिवस मावळल्यावर पाण्याचा थेंब न्हाई. बारा वर्षं झाली, महाराजांच्या समोर घेतलाय, बस्तीत."

बस्ती म्हणजे आमचं जैन मंदिर. तिथं मुनिमहाराजांच्या समोर हात जोडून घेतलेला नियम. आता बोला! मी शाळेत गेले तीस वर्षं, नवऱ्याबरोबर कुठं कुठं फिरले, माझं काही एवढं कडक नाही. पण जन्म त्याच घरातला. एखाद्याचा नियम मोडायला लावणं म्हणजे काय, हे मला कुणी शिकवायला नको. मी म्हटलं, "एक दिवसाचा प्रश्न आहे रे." तो म्हणाला, "नियमाला एक दिवस, दोन दिवस नसतं." मी म्हटलं, "जिवाचा प्रश्न आहे." तो म्हणाला, "आसू दे की."

ह्याच्यापुढं काय भांडायचं! मी बसलेल्या जागेवरनं उठले, पिशवी घेतली आणि सरळ स्टँडवर गेले.

त्यानंतर महिनाभर मी त्याच्याशी बोलले नाही. मग न राहवून परत गेले, परत भांडले, परत आले. तो कागद त्यांच्या फडताळावर पंचांगाखाली ठेवलेला असायचा, मी तो काढून त्याच्या समोर नाचवायचे. ढोंगी म्हटलं. भित्रा म्हटलं. भाद्रपदात, आमच्या दशलक्षण पर्वात, हा माणूस दहा-दहा दिवस उपवास करतो, दिवसातनं एकदा उकळलेलं पाणी, बस्स! दहाव्या दिवशी लोक त्याला हार घालतात. अख्ख्या जयसिंगपुरात ज्याच्या पोटाला रिकामं राहायची एवढी सवय आहे असा दुसरा माणूस सापडणार नाही, आणि त्याला एका दिवसाची पेज भारी पडते! बाकड्यावरची मंडळी त्याच्याच बाजूची. "एवढा धार्मिक माणूस, कशाला त्याच्या मागं लागलाय बाई तुम्ही?" जणू मी त्याला कुठं तमाशाला घेऊन चाललेय.

मला माहीत होतं, नियम खरा होता, पण त्या नियमामागं जाऊन बसलेला अण्णा खरा नव्हता. त्याला भीती वाटत होती. नळीची नव्हे. आत काय सापडेल त्याची. भीती वाटते म्हणायला काय जातं? पण आमच्याकडं पुरुषाला लाज वाटायला परवानगी आहे, देवाधर्माचं कारण सांगायला परवानगी आहे, भीती वाटायला तेवढी नाही.

वैशाखात एक मुनिमहाराज पायी विहार करत जवळच्या गावात आले. अण्णानं नियम घेतला होता ते हेच महाराज. मी अण्णाला म्हटलं, "चल. त्यांच्या तोंडून ऐकते, मगच गप्प बसते." त्याला नाही म्हणता येईना. गेलो. दर्शनाला गर्दी होती, आमची पाळी आल्यावर मी लांबूनच "नमोस्तु महाराज" म्हणून खाली बसले आणि एका दमात सगळं सांगितलं. आप्पा, मिरज, माझे पॉलिप, अण्णाचा नियम, संध्याकाळी सात ते नऊ. मागच्या रांगेतल्या बायका माना लांब करून ऐकत होत्या. ऐका म्हटलं, ऐका.

महाराजांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग एवढंच विचारलं, "दिवसा होत नाही का?"

मी "अं?" म्हटलं.

"दवाखान्यात विचारलं का, सगळं दिवसा करता येतं का?"

मी अण्णाकडं बघितलं. अण्णा जमिनीकडं बघत होता. अंगावर वस्त्रसुद्धा न ठेवणाऱ्या, दिवसातनं एकदा उभ्यानं ओंजळीत आहार घेणाऱ्या माणसाला जो प्रश्न सुचला, तो मला, गणिताच्या शिक्षिकेला, सुचला नव्हता. बस्तीच्या बाहेर येऊन मी तिथंच उभ्या उभ्या दवाखान्यात फोन लावला. तिकडची पोरगी म्हणाली, "होतं की काकू! दुपारी तीनचा नंबर घ्या. सकाळी सातला औषध प्यायला सुरू करायचं, दहापर्यंत संपवायचं. आमच्याकडं कितीतरी जैन पेशंट असंच करतात."

कितीतरी पेशंट! असंच करतात! दिवाळीपासनं वैशाखापर्यंत मी एस.टी.च्या खिडक्यांना डोकं आपटत फिरले, भावाला नाही नाही ते बोलले, आणि उत्तर होतं एका फोनाएवढं.

"तू मुद्दाम विचारलं न्हाईस," मी अण्णावर ओरडले.

"तू बी विचारलं न्हाईस की," तो म्हणाला.

हे खरंच होतं, म्हणून मला आणखीनच राग आला.

आठवड्यात नंबर लावला. आदल्या दिवशी अण्णा आणि वैनी कोल्हापूरला आमच्या घरी आले. दिवस मावळायच्या आत अण्णानं पेज घेतली. सकाळी ऊन गच्चीवर आलेलं स्वतः बघून आला आणि मगच पहिला ग्लास तोंडाला लावला. वैनींनी आदल्या दिवशीच पाणी फडक्यातनं दोनदा गाळून, उकळून, थंड करून ठेवलं होतं. त्या कालवून द्यायच्या, तो तोंड वाकडं करून प्यायचा. साडेआठनंतर मग त्याची पळापळ सुरू झाली. नवव्या की दहाव्या फेरीला बाहेर येऊन म्हणाला, "आयला, दशलक्षण परवडलं." सात महिन्यांत पहिल्यांदा मी त्याच्यासमोर हसले.

तीनला त्याला आत नेलं. बाहेर मी आणि वैनी. त्या जपमाळ घेऊन बसल्या होत्या. मी येरझाऱ्या घालत होते. दर वेळी दार उघडलं की मला मिरजेचा तो डॉक्टर बाहेर येतोय असं वाटायचं. पाऊण तासानं आमचे डॉक्टर बाहेर आले, मास्क खाली केला आणि म्हणाले, "एकच लहानसा पॉलिप होता, काढलाय. बाकी आतडं स्वच्छ. काळजीचं कारण नाही."

मी भिंतीला टेकले. रडले की हसले मला आठवत नाही. अण्णाला बाहेर आणलं तेव्हा त्याचा पहिला प्रश्न, "किती वाजलं? उजेड हाय न्हवं?" वैनींनी डब्यातनं शिरा काढला. तो पलंगावर बसून शिरा खायला लागला आणि मी, काय सांगू, निवडून आल्यासारखी त्या वॉर्डात फिरत होते. शेजारच्या पलंगावरच्या नातेवाइकांना विचारत होते, तुमचं वय काय, तुमच्या नवऱ्याचं वय काय, तपासलंय का?

डॉक्टर कागदावर सही करायला आले. वैनींकडं बघून म्हणाले, "आणि ह्यांचं? ह्यांची कधी तपासणी?"

"ह्या आमच्या वैनी," मी म्हटलं. "ह्यांना नको. ह्या आमच्या घराण्यातल्या नव्हेत."

"वय किती?"

"त्रेसष्ट."

"मग घराण्याचं काय घेऊन बसलात? घरात कुणाला असेल तर जास्त काळजी घ्यायची, हे खरं. पण वय झालं की प्रत्येकानंच तपासून घ्यायचं. काही त्रास नसेल तर निदान शौचाची साधी तपासणी तरी. डबीत नमुना द्यायचा, झालं."

मी काहीतरी बोलणार होते. पण वैनी आधी बोलल्या. डबा बंद करत, खाली बघत, अगदी हळू. "डॉक्टर, रक्त जात असलं तर ती डबीची तपासणी चालती का?"

अण्णाचा चमचा थांबला. डॉक्टरांनी पेन खिशात ठेवलं आणि स्टूल ओढून त्यांच्यासमोर बसले. "कधीपासून जातंय, आजी?"

"दिवाळीच्या आधीपासनं. मूळव्याध असंल म्हणून सब्जा चालू हाय."

चार दिवसांनी त्याच दवाखान्यात, त्याच पलंगावर वैनी होत्या. त्यांच्यासाठी पाणी मी गाळलं. डॉक्टर बाहेर आले तेव्हा त्यांनी मास्क खाली केला नाही लगेच. गाठ होती. पॉलिप नव्हे. तुकडा तपासायला पाठवला, त्याचा रिपोर्ट आला, आणि त्यात तेच होतं जे आप्पांच्या रिपोर्टात होतं.

ऑपरेशन झालं. वितीपेक्षा जास्त आतडं काढलं. आजूबाजूच्या गाठींमध्येही पसरायला लागलंय, म्हणून आता सलाइनमधनं केमोची औषधं चालू आहेत, दर दोन आठवड्यांनी. डॉक्टर चांगले आहेत, आशा ठेवा म्हणतात. मी त्यांना खोदून विचारलं तेव्हा म्हणाले, "सात-आठ महिने आधी आल्या असत्या तर कदाचित नुसत्या ऑपरेशनवर भागलं असतं. ह्या औषधांची गरज पडली नसती."

त्या सात-आठ महिन्यांत मी कुठं होते? त्यांच्या घरात! त्यांच्या सोप्यात बसून, त्यांच्या हातचं जेवत, ह्याच रोगाचं नाव घेऊन घसा फोडून ओरडत होते. त्या चार हातांवर उभ्या होत्या. लोकांना नावं ठेवली मी, रंकाळ्यावरच्या बायकांना, बाकड्यावरच्या म्हाताऱ्यांना, गल्लीतल्या डॉक्टरला, विचारलं नाही म्हणून. आणि मी तरी? एकदाही नाही. "वैनी, तुमचं काय?" एवढे तीन शब्द. अण्णानं नाही, त्यांच्या पोरांनी नाही, मी तर नाहीच नाही. आणि डॉक्टरांनी विचारलं तेव्हा त्यांच्या वतीनं "नको" सांगायला मात्र मी सगळ्यांच्या पुढं!

परवा तिसऱ्या केमोच्या वेळी मी त्यांच्या शेजारी बसले होते. सलाइन हळूहळू उतरत होतं. त्यांचे केस पातळ झालेत, हाताची शीर सापडायला नर्सला दोनदा टोचावं लागलं. अण्णा खाली औषधं आणायला गेला होता. महिनाभर विचारायचं राहिलं होतं ते मी विचारून टाकलं. "वैनी, मी एवढी बोंबलत होते. तुम्ही एकदा तरी सांगायचं होतं. का सांगितलं नाहीत?"

त्यांनी माझ्याकडं बघितलं. "तुम्ही म्हणत हुतासा की, ह्ये तुमच्या घराण्यातलं हाय म्हणून. मला वाटलं, मग माझं ह्ये निराळं असंल." मग म्हणाल्या, "आनि तुम्ही विचारलासा कुठं, वन्सं?"

आवाजात राग नव्हता. असता तर मला बरं वाटलं असतं.